एका सेमिस्टरचे परदेशी शिक्षण: फी लागत नाही, मग आपली मुले यादीत का नसतात?

परदेशात शिकायला जायचे म्हटले की आपल्या समाजातील विद्यार्थ्यांच्या तोंडी दोनच नावे येतात. एक, राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. दुसरी, केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. दोन्ही योजना महत्त्वाच्या आहेत आणि त्यांच्यासाठी भांडत राहिलेच पाहिजे. पण त्या पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी किंवा पीएच.डी.साठी आहेत. राज्याच्या योजनेत वर्षाला 75 जागा, केंद्राच्या योजनेत साऱ्या देशासाठी 125. शिवाय केंद्राने 2022 साली नियम बदलून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषयच योजनेतून वगळले. समाजशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या आणि जातीवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तो दरवाजा तेव्हापासून बंदच आहे.

या दोन्हींच्या बाहेर तिसरा एक मार्ग आहे. त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. तो म्हणजे विद्यार्थी विनिमय, विद्यापीठांच्या भाषेत 'सेमिस्टर एक्सचेंज'. आम्ही वस्त्यांतील अभ्यासिकांत आणि वसतिगृहांत करिअर मार्गदर्शनाच्या बैठका घेतो. तिथे हा शब्द विचारला तर बहुतेक मुले आयआयटीचे किंवा श्रीमंतांच्या खासगी विद्यापीठांचे नाव घेतात. ज्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी करार आहे, त्यांनाही तो माहीत नसतो. म्हणून हा लेख.

एक्सचेंज म्हणजे नेमके काय?

दोन विद्यापीठे आपसात करार करतात. वर्षाला आमचे दोन विद्यार्थी तुमच्याकडे, तुमचे दोन आमच्याकडे, असा साधारण त्याचा मजकूर असतो. विद्यार्थी प्रवेश घेतलेला असतो आपल्याच विद्यापीठात, फीही इथेच भरतो. परदेशातले विद्यापीठ त्याच्याकडून शिकवणी शुल्क घेत नाही. तिथे चार-पाच महिने शिकून, परीक्षा देऊन तो परत येतो आणि तिथे मिळवलेली क्रेडिट्स इथल्या गुणपत्रिकेत जमा होतात. पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळते.

यातली मोठी गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ज्या परदेशी विद्यापीठाची एका सत्राची फी पाच-सात लाखांच्या घरात असते, तिथे मुंबई-पुण्यातल्या सरकारी विद्यापीठाची फी भरून शिकता येते. प्रवेशपरीक्षा नाही, जीआरई नाही, क्यूएस रँकिंगची अट नाही. इंग्रजीचा दाखलाही अनेक ठिकाणी आपल्याच विभागप्रमुखांच्या पत्रावर चालतो. निवड करते ते आपले विद्यापीठ. म्हणजे स्पर्धा जगाशी नसून वर्गातल्या आणि विभागातल्या मुलांशी असते, आणि तीही फक्त ज्यांनी सूचना वाचली त्यांच्याशी.

टिस, आयआयटी मुंबई यांच्याकडे आंतरराष्ट्रीय संबंध पाहणारे स्वतंत्र कार्यालय आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. इतर विद्यापीठांत हे काम कुलसचिव कार्यालयातल्या एखाद्या टेबलावर किंवा एखाद्या प्राध्यापकाकडे असते. करार अनेकदा सगळ्या विद्यापीठाचा नसून एकाच विभागाचा असतो. त्यामुळे 'आपल्याकडे एक्सचेंज नाही' असे कुणी सांगितले तरी तेवढ्यावर थांबू नये, आपल्या विभागाचा करार आहे का हे वेगळे विचारावे.

फी माफ, पण पोट माफ नाही

आता अडचणीची बाजू. शिकवणी शुल्क माफ असले तरी विमानाचे तिकीट, व्हिसा, आरोग्य विमा, खोलीचे भाडे, जेवण हे सगळे विद्यार्थ्याच्या अंगावर येते. जर्मनीचेच उदाहरण घेऊ. व्हिसासाठी पैशाचा पुरावा म्हणून 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाचे खाते दाखवावे लागते. त्यात महिन्याला 992 युरो या हिशेबाने रक्कम आधीच भरून ठेवायची आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला तेवढीच काढायची. पाच महिन्यांचे 4,960 युरो होतात. एका युरोला 90 ते 100 रुपये धरले तर साडेचार ते पाच लाख रुपये. ही रक्कम निघण्याआधी एकरकमी हातात हवी. ज्याचे वडील कंत्राटी सफाई कामगार आहेत किंवा आई चार घरची धुणीभांडी करते, त्याच्यासाठी फीमाफीचा अर्थ इथे संपतो.

शाहू महाराज शिष्यवृत्ती किंवा ओव्हरसीज स्कॉलरशिप यात उपयोगी पडत नाही, कारण त्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत. म्हणून करार पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की यात फक्त फीमाफी आहे, की सोबत निर्वाहभत्ताही आहे? दोन विद्यापीठांचा साधा करार आणि 'इरॅस्मस प्लस'खालचा करार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इरॅस्मस ही युरोपीय संघाची योजना. 1987 साली ती युरोपातल्या युरोपात विद्यार्थी फिरावेत म्हणून सुरू झाली. पुढे तिच्यात युरोपबाहेरच्या देशांशी देवाणघेवाणीचा भाग आला, त्याला 'इंटरनॅशनल क्रेडिट मोबिलिटी' म्हणतात. 2021 ते 2027 या टप्प्यात भारतासारख्या देशातून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला देशानुसार महिन्याला 800 ते 900 युरो मिळतात आणि अंतरानुसार प्रवासखर्च वेगळा. भत्त्याचे पत्र व्हिसासाठी पैशाचा पुरावा म्हणून लावता येते, त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटचा डोंगर पुष्कळ कमी होतो.

याच योजनेत दोन तरतुदी अशा आहेत की ज्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हव्यात. पहिली, निवड करताना गुणवत्ता आधी पाहायची, पण दोन उमेदवारांची शैक्षणिक पातळी सारखी असेल तर आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या उमेदवाराला प्राधान्य द्यायचे. दुसरी, 'कमी संधी मिळालेल्या' विद्यार्थ्यांना महिन्याला 250 युरो जादा मिळू शकतात. युरोपीय संघ या गटात अपंगत्व आणि आजारपणासोबत आर्थिक अडचणी, सामाजिक अडथळे आणि भेदभावाचा सामना करणारेही धरतो. हे 250 युरो कुणी घरी आणून देत नाही. अर्जात ते मागावे लागतात आणि सोबत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, घरात उच्च शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी असल्याचे विभागाचे पत्र जोडावे लागते. आमच्या अनुभवात विभागातल्या लोकांनाच ही तरतूद माहीत नसते. तेव्हा अर्ज करणाऱ्यानेच ती समोर ठेवावी.

जपानचा मार्गही बघण्यासारखा आहे. तिथल्या 'जासो' या सरकारी संस्थेकडून एक्सचेंजवर येणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना महिन्याला 80,000 येन मिळतात. त्यासाठी आधीच्या वर्षाचे गुण त्यांच्या मोजपट्टीवर 3 पैकी किमान 2.30 लागतात. अर्ज आपण थेट करायचा नसतो, जपानमधले यजमान विद्यापीठ नाव पाठवते. टोकियोत एवढ्यात भागणे कठीण, लहान शहरात वसतिगृह मिळाले तर बरेचसे भागते.

तिथे गेल्यावर काम करून पैसे काढू, हा हिशेब मात्र कुणी धरू नये. परवानगी असते हे खरे. जर्मनीत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते, जपानमध्ये परवाना घेऊन आठवड्याला 28 तास. पण चार-पाच महिन्यांसाठी आलेल्या, तिथली भाषा न येणाऱ्या मुलाला काम मिळेपर्यंत अर्धे सत्र संपते.

भत्ता हातात पडेपर्यंतचा पहिला महिना सगळ्यात अवघड असतो. तिकडे बँक खाते उघडेपर्यंत पैसे येत नाहीत, आणि खोलीची अनामत रक्कम व पहिले भाडे तर आल्या दिवशी द्यावे लागते. आम्ही ज्यांच्यासोबत काम केले त्यांतल्या एका मुलीची निवड झाली होती, भत्ताही मंजूर होता. अडले ते तिकीट आणि अनामत यांच्या दीड लाखावर. शेवटी वस्तीतल्या महिला बचत गटाने आणि दोन शिक्षकांनी मिळून ती रक्कम उसनी दिली. तिने दुसऱ्या महिन्यापासून फेडायला सुरुवात केली आणि परत येण्याआधी पूर्ण फेडली. हा खर्च देणगीचा नाही, उसनवारीचा आहे. विहार समित्या आणि जयंती मंडळे यांना एवढा फिरता निधी उभारणे अशक्य नाही. डीजेचे एका रात्रीचे बिल किती येते, हे मंडळांनाच ठाऊक आहे.

शिष्यवृत्तीची मुदत विद्यार्थ्याचे भवितव्य कसे ठरवते, याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांवर. 1916 साली लंडनला पोचले, पण 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पैसे जमवून पुन्हा लंडन गाठायला 1920 साल उजाडले.

कॅलेंडर जुळत नाही, तिथे खरी गोची

पैशानंतरची मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. आपल्याकडे सत्र जुलैच्या आसपास सुरू होते आणि नोव्हेंबरमध्ये परीक्षा होते, दुसरे डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालते. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. उन्हाळी सत्र एप्रिल ते जुलै. म्हणजे आपला विद्यार्थी ऑक्टोबरमध्ये गेला तर इथले तिसरे सत्र अर्ध्यावर सुटते आणि चौथे सुरू होऊन दोन महिने झाल्यावर तो परत येतो. एका सत्रासाठी दोन सत्रांना धक्का. त्यात जर्मनीतल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागांत परीक्षेऐवजी दीर्घ निबंध लिहून द्यायची पद्धत आहे. तो अनेकदा व्याख्याने संपल्यावर, मार्चपर्यंत द्यायचा असतो, आणि गुण त्याहून उशिरा येतात.

नेदरलँड्स आणि स्वीडनचे शरद सत्र ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपते. दोन वर्षांच्या एम.ए. किंवा एमएसडब्ल्यूसाठी हे बरेच सोयीचे पडते. तिसरे सत्र जवळजवळ पूर्ण तिकडे, आणि चौथ्या सत्राचे पहिले काही आठवडे चुकतात. चौथ्या सत्रात प्रबंध किंवा क्षेत्रकार्य असेल तर मार्गदर्शकाशी बोलून ते भरून काढता येते. तेव्हा निवडीला वाव असेल तर देशाच्या नावापेक्षा तारखा आधी पाहाव्यात.

आता तारखांचाच दुसरा भाग. ऑगस्टमध्ये जायचे तर यजमान विद्यापीठाला नावे साधारण मार्च ते मे या काळात कळवावी लागतात. त्याआधी इथली अंतर्गत निवड झालेली हवी. म्हणजे विभागातली सूचना जानेवारी-फेब्रुवारीत लागते. एम.ए.ला जुलैत प्रवेश घेतलेल्या मुलाला सहा महिन्यांत हे सगळे माहीत असायला हवे, पासपोर्टही हातात हवा. आणि आपली मुले? प्रवेश, जातपडताळणी, महाडीबीटीचा अर्ज, वसतिगृहाची यादी यात त्यांचे पहिले सत्र जाते. दुसऱ्या वर्षाला एखाद्या सहाध्यायाने विमानतळावरचा फोटो टाकला की त्यांना एक्सचेंज कळते, आणि तेव्हा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी उशीर झालेला असतो. ज्यांचे पालक किंवा भाऊ-बहीण विद्यापीठात आहेत, त्यांना हे प्रवेशाआधीच ठाऊक असते. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते हेच. सूचना फलकावर सगळ्यांसाठीच असते. पण ती कधी लागणार आणि कुठे बघायची हे घरातून कळते.

म्हणून आमचा आग्रह असा की पदवीच्या तिसऱ्या वर्षालाच पासपोर्ट काढून ठेवावा. साध्या अर्जाची फी 1,500 रुपये आहे. पासपोर्ट काढताना आपल्या अनेक घरांत एक जुनी अडचण डोके वर काढते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, वडिलांच्या कागदांवर गावाचे किंवा जातीचे दर्शक असे तिसरेच. आडनाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद लागते. त्यात वेळ जातो आणि पोलीस पडताळणीत वस्तीचा पत्ता, भाडेकरार नाही, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर, असे प्रश्न निघतात. निवड झाल्यावर हे सुरू केले तर वेळ पुरत नाही.

क्रेडिट्सचा कागद सहीशिवाय सोडू नये

तिकडे शिकलेले इथे धरले जाणार की नाही, हे निघण्याआधी लेखी ठरवायचे असते. त्या कागदाला 'लर्निंग अॅग्रीमेंट' म्हणतात. त्यावर विद्यार्थी, आपले विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. कोणते विषय घेणार, त्यांची क्रेडिट्स किती आणि इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात ती धरणार, हे त्यात येते. युरोपात पूर्ण सत्राचा भार 30 क्रेडिट्स मानतात. त्यांचे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा 25 ते 30 तासांचा एकूण अभ्यास. आपल्याकडे क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजतात. आकडे त्यामुळे सरळ जुळत नाहीत. हे गणित विभागाकडून आधीच लिहून घ्यावे.

ते न केल्यास काय होते? जर्मनीत 1.0 हा सर्वोत्तम गुण आणि 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आमच्या परिचयातला एक विद्यार्थी 1.3 घेऊन परत आला. परीक्षा विभागातल्या टेबलावर तो आकडा दहापैकी 1.3 असा वाचला गेला आणि त्याचा निकाल महिनाभर 'राखीव' राहिला. विभागप्रमुखांनी रूपांतराचे पत्र दिल्यावर सुटला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या महिन्यात त्याचा पीएच.डी. प्रवेशाचा अर्ज अडकला होता.

'परदेशी क्रेडिट्स आमच्या नियमात बसत नाहीत' असे उत्तर आले, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीकडे बोट दाखवावे. भारतीय आणि परदेशी संस्थांच्या सहकार्याबाबतची ही नियमावली आहे. त्यातल्या ट्विनिंग या प्रकारात एकूण क्रेडिट्सपैकी 30 टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स परदेशी संस्थेत मिळवता येतात. चार सत्रांच्या एम.ए.त एक सत्र म्हणजे 25 टक्के. साधा एक्सचेंज हा ट्विनिंग नव्हे, पण परदेशी क्रेडिट्स आयोगाला मुळातच मान्य नाहीत, हा समज त्यातून खोडता येतो.

आणखी एक कागद आपल्या विद्यार्थ्यांसाठी खास आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप चालू असेल तर महाविद्यालय हजेरीवर बोट ठेवते. पाच महिने विद्यार्थी वर्गात नाही, म्हणजे गैरहजर, असा अर्थ लागू शकतो. वसतिगृहाच्या जागेचेही तेच. म्हणून निघण्याआधी दोन पत्रे घ्यावीत. एक, विद्यापीठाने अधिकृतपणे पाठवलेला विद्यार्थी असल्याने या काळातील हजेरी यजमान विद्यापीठाच्या नोंदीवरून धरली जाईल, असे विभागाचे. दुसरे, परत आल्यावर वसतिगृहातली जागा कायम राहील, असे गृहपाल किंवा समाजकल्याण कार्यालयाचे. तोंडी 'हो, हो, होईल' यावर विमानात बसू नये. परत आल्यावर टेबलावरचा माणूस बदललेला असतो.

तिथले चार महिने

अभ्यासाची भीती मुले जास्त घेतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन आठवडे जड जातातच. व्याख्यान कमी आणि चर्चा जास्त, दर आठवड्याला वाचून यायचे, आणि 'तुमचे मत काय' असे थेट विचारले जाते. पण तिथल्या विद्यापीठांत लेखनमदत केंद्रे असतात, प्राध्यापकांना भेटण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि नावाने हाक मारलेली चालते. आपल्या मुलांकडे वस्तीचा, चळवळीचा, क्षेत्रकार्याचा जो अनुभव असतो त्याला अशा वर्गात मोल येते. परतलेल्यांपैकी बहुतेकांनी आम्हाला सांगितले की आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा न बदलणे, हे त्यांनी पहिल्यांदाच अनुभवले.

पण हे वर्गापुरते. खोली शोधताना गाठ पडते ती भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांशी. 'फक्त शाकाहारी', 'पूर्ण नाव सांगा', 'कोणत्या गावचे, कुणातले' हे तिथेही असते. म्हणून शक्यतो विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी निवडपत्र येताच अर्ज करावा. तक्रारीची वेळ आलीच तर कायद्याची स्थिती माहीत असावी. अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने 2022 साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घातला, ब्राउन विद्यापीठानेही त्याच वर्षी. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी केली. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारले. ब्रिटनमध्ये समानता कायद्यात जात घालण्याची तरतूद 2013 साली झाली, पण 2018 साली सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरवले. जर्मनीच्या 2006 च्या समान वागणूक कायद्यात वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व आहे, जात नाही. तिथे तक्रार लिहिताना वांशिक मूळ किंवा धर्म या आधारावर लिहावी लागते आणि जात म्हणजे काय, हे अर्ध्या पानात समजावून द्यावे लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

एक्सचेंजची निवड म्हणजे प्रवेश नव्हे, अशी विद्यापीठांची भूमिका असते. त्यामुळे या जागांना आरक्षण लावलेले आमच्या पाहण्यात नाही. निवड समिती विभागातच बसते, मुलाखत घेते, 'आत्मविश्वास' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना गुण देते. ते गुण कुणाला मिळतात, हे वेगळे सांगायला नको. कोण गेले याची प्रवर्गनिहाय यादी विद्यापीठे सहसा प्रसिद्ध करत नाहीत. ती मागवणे हे आपले काम आहे.

माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करायला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. राज्यातल्या विद्यापीठाकडे अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, एवढी मर्यादा पाळावी. टिस, आयआयटी यांसारख्या केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांसाठी केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो.

मागायचे ते एवढेच. विद्यापीठाचे आणि त्याच्या विभागांचे परदेशी विद्यापीठांशी सध्या चालू असलेले विद्यार्थी विनिमय करार, त्यांची मुदत आणि त्यातील जागा. प्रत्येक करारात फक्त शिकवणी शुल्क माफ आहे की निर्वाहभत्ताही आहे. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक जागेची सूचना कोणत्या तारखेला, कुठे लावली, त्या सूचनेची प्रत. निवडीचे निकष आणि मुलाखतीला दिलेले गुणभार. निवड झालेल्यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि न भरता वाया गेलेल्या जागा. नावे मागू नयेत, वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. 150 शब्दांत बसत नसेल तर करारांचा एक आणि निवडीचा एक असे दोन अर्ज करावेत.

उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या 30 दिवसांत कलम 19(1) खाली त्याच संस्थेतील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. 'प्रवर्गनिहाय माहिती संकलित केलेली नाही' असे उत्तर आले तर तेही फेकून देऊ नये. ते पत्र जोडून विद्यापीठाच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी मागणी करता येते की पुढच्या वर्षीपासून ती संकलित करावी, आणि एक्सचेंजची प्रत्येक सूचना मागासवर्गीय वसतिगृहांच्या फलकावरही लावावी. जानेवारीतली सूचना हाती लागावी असे वाटत असेल तर पहिला अर्ज ऑगस्टमध्ये गेला पाहिजे.